काल शेजारी कोण बसलं होतं?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवत आले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू यायला हवं... येत नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. लोक रोजच्या आयुष्यात रेडिओ-टीव्ही कसा वापरतात, याच्या सर्व्हेचं तात्पुरतं काम मला मिळालं होतं. तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, भैंशाजवळचं एक मराठी गाव. अख्ख्या गावात एकच टीव्ही, पंचायतीच्या ओट्यावर. रविवारी संध्याकाळी सिनेमाला सगळे समोर गोणपाट अंथरून बसत. प्रत्येक घराची जागा ठरलेली. कुणी आलं नाही तरी ती जागा दुसरा घेत नसे.

लोक न बघताही 'पाहिला' असं बिनधास्त ठोकून देतात. म्हणून आमची एक युक्ती होती – सोमवारी घरोघर जाऊन विचारायचं, काल शेजारी कोण बसलं होतं? उत्तरं जुळली की माणूस खरं बोलतोय.

त्या सोमवारी पहिल्याच घरातले आजोबा म्हणाले, मारोती होता. पुढच्या घरीही मारोती. पार दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या बायकाही म्हणाल्या, मारोतीभाऊ बसला होता, बोलला मात्र काही नाही. गाव मिळून माझी फिरकी घेतंय असं वाटून मी वैतागले. एकाला विचारलं, तो एकाच वेळी सगळीकडे कसा?

"दुसऱ्यायचं मले काय माईत? माह्यापाशी होता."

शेवटी मारोतीच्याच घरी गेले. त्याची बायको सुभद्रा अंगणात ज्वारी पाखडत होती. तो भैंशाच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामी कामाला होता आणि रविवारी नक्की येतो म्हणून सांगून गेला होता. मी तोच प्रश्न विचारला.

"कोणी नाई, ताई. त्यायची जागा राखून बसली होती मी. आलेच नाई ते."

मग गावात काय ऐकलं ते मी सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला! म्हणजे आले आहेत, कुणाच्या तरी घरी गप्पा ठोकत बसले असतील, असं म्हणत तिने सूप खाली ठेवलं आणि चहाचं आधण चढवलं. मलाही हायसं वाटलं.

पाणी उकळत होतं, तेवढ्यात जिनिंगमधला माणूस सायकलवरून आला. रविवारी दुपारी कापसाची गंजी ढासळली होती. खाली कुणी आहे हेच कुणाला कळलं नाही. सकाळी कापूस उपसला तेव्हा मारोती सापडला.

म्हणजे सिनेमा सुरू होता तेव्हा तो त्या कापसाखाली होता.

सुभद्रा रडली नाही. तिने आधण चुलीवरून उतरवून ठेवलं. मग मलाच विचारलं, कारण प्रश्न विचारत फिरणारी मीच होते ना –

"सगळ्यायपाशी बसले... मंग माह्यापाशीच काऊन नाई बसले, ताई?"

बाकीचं एक वेळ मी गावाचा भास म्हणून सोडून देईन. पण हे... हे नाही सोडता येत.