रेडिओवर घेतलेलं नाव
वडिलांचा ट्रान्झिस्टर काल कपाटातून काढला, आणि त्याच्या चामडी कव्हरच्या वासाबरोबर भांडुपच्या चाळीतली एक दुपार आठवली. गिरण्यांचा संप चालू होता, त्यामुळे वडील घरीच असत. त्या दुपारी रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात आईची मुलाखत लागणार होती, सुक्या मासळीविषयी. शेजारणी दारात दाटल्या होत्या. आई मात्र मोरीकडे तोंड करून बसली होती. आधी झालेल्या रेकॉर्डिंगमध्ये मुलाखत घेणाऱ्या बाईंनी नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा गोंधळून तिने ते सरळ सांगून टाकलं होतं. लग्नानंतर उखाण्याबाहेर तिने ते कधी उच्चारलं नव्हतं, आणि हे वडिलांना सांगायचा तिला धीर झाला नव्हता. “बंद करा ता,” ती दोनदा म्हणाली. वडिलांनी आवाज वाढवला. खरखरीतून आधी सोड्यांचं कालवण आलं, मग तिच्या आवाजात वडिलांचं नाव. “अगे बाय, घोवाचां नाव घेतल्यान,” एक शेजारीण पदराआड हसली. आईने मान वर केली नाही. वडील ट्रान्झिस्टरकडे बघत होते. “माझां नाव इतक्यां बरां आसा,” ते म्हणाले, “माका म्हायत नव्हतां.” त्यांना जाऊन आता महिना झाला. आज सकाळी आई स्वयंपाकघरात एकटीच होती, आणि हळू आवाजात त्यांना नावाने हाक मारत होती.