मैदानावरची मराठी

देवासच्या एका शाळेत फुटबॉल शिकवण्यात यांचं अख्खं आयुष्य गेलं. घरात आमटी अळणी झाली तरी ब्र न काढणारे श्रीपादराव मैदानावर गेले की गाव डोक्यावर घेत. तेही मराठीत! पोरं सगळी हिंदी-माळवी बोलणारी. पण ‘मागे’, ‘डावीकडे’, ‘मार’ एवढं त्यांना पाठ असायचं. समोरच्यांना ओ की ठो कळत नसे. या युक्तीचा यांना कोण अभिमान! मी म्हणायची, “अहो, आपल्या लेकीला, अपूर्वाला, मराठी वाचता येत नाही, आणि तुमची पोरं मराठीत धावतात.”

यंदा निवृत्ती. प्राचार्यांनी बजावलं होतं, धारच्या शाळेशी अंतिम सामना हरलात तर तुमच्यामागे संघ बंद. यांना अन्न गोड लागेना.

सामन्यात मी यांच्या बाकामागेच बसले होते. हे ओरडले, “डावीकडे!” चेंडू पोचायच्या आत धारची दोन पोरं तिथे हजर. “मागे!” तिथेही तेच. पलीकडे धारचा प्रशिक्षक हातवारे करत होता. भास्कर! यांच्याच हाताखाली शिकलेला, धारच्या मराठी घरातला. त्यालाही मराठी येते, हे आमच्या शहाण्यांच्या ध्यानातच नाही! गुरूची विद्या गुरूलाच फळली. धारने गोल केला.

मध्यंतरात कप्तान चिंटू धावत आला. “सर जी, भास्कर भिया तो सब समझ रिये हैं!”

हे म्हणाले, “अब मैं नहीं बोलूँगा. तुमको जो दिखे, वो खेलो.”

आणि तोंडावर रुमाल धरून बसले. पोरं सवयीने वळून बघत आणि चेंडू गमावत. वाटलं, तो रुमाल ओढून फेकावा. मग हळूहळू ती एकमेकांनाच हाका मारू लागली. बरोबरी झाली.

सामना संपत आला. चिंटू गोलासमोर पोचला आणि त्याने पुन्हा यांच्याकडे पाहिलं. यांच्या तोंडून ‘मार’ निघणारच होतं. हे ताडकन उठले आणि मैदानाकडे पाठ करून उभे राहिले.

एकच गलका झाला.

“कोणाचा गं?” यांनी विचारलं. डोळे मिटलेले.

“आपला!”

संघ वाचला. भास्कर येऊन पाया पडला, तरी हे पोरांकडेच बघत होते.

“माझ्याशिवाय जमतं गं, सरला, यांना,” म्हणाले, आणि भर मैदानात लहान मुलासारखे रडले.