कुवेतचा जावई

माझ्या नवऱ्याले कुवेतले माझ्या बाबानं पाठवलं. तिकीट नाही, पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या आमच्या घराच्या फाटकावर हात ठेवून एका वाक्यात पाठवून दिलं. शेजारच्या काकूनं विचारलं होतं, दामादजी बहुत दिन से नहीं दिखे. बाबा म्हणे, कुवैत में हैं, बड़ी कंपनी में. मी आत कपडे वाळत घालून राहिली होती. हातातला टॉवेल तसाच राहिला. म्हटलं, चला, आता हा माणूस काही परत येत नाही.

खरी गोष्ट दोन ओळीची आहे. लग्नाले आठ महिने झाले होते. आपण बौद्ध, दिवाळी आपल्यात नसते असं बाबा म्हणते, पण पोरीनं दिवाळीले माहेरी याचंच असते. तर नवरा मले सोडून गेला, चार दिवसांनी घ्याले येतो म्हणे, आणि आलाच नाही. पुण्यात दुसऱ्या बाईसोबत राहाले लागला, हे त्याच्याच भावानं फोनवर सांगतलं. मारझोड नाही, भांडण नाही, नुसतं नेलं नाही. बाजारात कोणाच्या दुकानावर पिशवी ठेवून माणूस विसरून जाते, तशी मी राहून गेली.

आता माझा बाप कोण, ते ऐका. सरकारी वर्कशॉपातून रिटायर झालेला फिटर, आणि आमच्या विहाराच्या कमिटीचा पक्का वक्ता. दर वर्षी महिला दिनाले त्याचं भाषण ठरलेलं. कायद्यानं बाईले माणूस केलं. नवरा नांदवत नसन तर तिनं कोर्टात जावं, सोडून द्यावं, मान खाली घालाचं काही कारण नाही. माइक लागत नाही त्याले. आवाज दाराबाहेर काढलेल्या चपलांपर्यंत जाते. मागे बसलेल्या म्हाताऱ्या डोळे पुसतात. हे भाषण मी सतरंजीवर बसून दहा वेळा ऐकलं, गळ्यात मंगळसूत्र घालून.

पहिल्या वर्षी घरी आल्यावर मी म्हटलं होतं, बाबा, मग आपण पण जाऊ ना कोर्टात. बाबा म्हणे, आधी तुझ्या भावाचं लग्न होऊ दे. भावाचं झालं. मग म्हणे, सुनेच्या माहेरी समजन, लोक काय म्हणतीन. मग तिले पोट्टा झाला, तर म्हणे आता काहून उकरून काढाचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. विहारात कायदा आणि घरात मूठ. मले त्या मुठीचा असा राग येत होता की कधी कधी ताटावरून उठून जावं वाटे.

मीही काही कमी नाही. मी पंडरीच्या कापडबाजारात साडीच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. दर दिवाळीच्या आधी आई माझ्याच काउंटरवर याची, माझ्याचकडून साडी काढून घ्याची, आणि मग कॉलनीभर दाखवाची, जावयानं कुवेतवरून पैसे पाठवले, पोरीले साडी घे म्हणे. स्टाफवाली सूट मीच लावून देत होती. एका वर्षी तर रंगही मीच निवडला. माझ्या नवऱ्याची पसंद लई चांगली आहे असं काकू म्हणे. मी हसत होती. लाज वाटाले पाहिजे होती, पण हसत होती.

अकराव्या वर्षी रक्त जाले लागलं. आधी चार दिवसाचे आठ झाले, मग पंधरा. दुकानात गिऱ्हाइकापुढे थान उलगडता उलगडता डोळ्यापुढे अंधारी याची. सेठले सांगतलं तर त्यानं मोठ्या मनानं एक स्टूल दिलं, आणि आठवड्यानं काढून घेतलं, कारण बसलेली सेल्सगर्ल कस्टमरले आळशी दिसते. शेवटी डॉक्टरीणबाईकडे गेली. सोनोग्राफी झाली. बच्चेदानीत गाठी, हिमोग्लोबिन सहा. ती म्हणे, रक्त चढवावं लागन, मग ऑपरेशन, आणि टाळत राहिली तर एखाद्या दिवशी दुकानातच पडशील. मग तिनं पेन टेकवून विचारलं, कोई कार्ड है, बीमा है?

माझ्यापाशी साडीवरची सूट होती, दुसरं काही नव्हतं.

इकडे छत्तीसगडात राशन कार्डावर मोफत इलाज होते. पण त्या कार्डात नाव पाहिजे. आमचं कार्ड नवीन बनलं तेव्हा बाबानं माझं नाव लिहूच दिलं नाही. लग्न झालेली पोरगी माहेरच्या कार्डात कशी, कोणाले शंका येइन ना. आता चढवाचं तर सासरच्या कार्डातून नाव कटल्याचा कागद मांगते. बाहेरून विमा घ्यावा म्हटलं, तर कॉलनीतला एक एजंट घरी आला, चहा प्यायला, दोन बिस्किटं खाल्ली, आणि समजावून सांगतलं की जी बीमारी आता आहे ती सोडून बाकी सगळं कव्हर होते. म्हणजे पाय मोडला असन तर हाताचं प्लास्टर फुकट. वरून म्हणे, फॉर्मवर पतीचं नाव आणि सही लागन. मी त्याच्यापुढची प्लेट उचलून घेतली.

राहिलं बाबाचं कार्ड. डिपार्टमेंटचा दवाखाना आहे, रिटायर झालेल्यालेही आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यालेही सगळं मोफत. आई त्यात आहे. गुडघे, शुगर, मोतीबिंदू, सगळं तिचं तिथेच झालं. मी बाबाच्या मागे लागली. तीन दिवस टाळत राहिला, चौथ्या दिवशी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घालून निघाला.

खिडकीमागे चष्मेवाला बाबू होता, भला माणूस वाटला. त्यानं नियम सांगतला: पोरगी कुवारी असन, विधवा असन, नाही तर तलाकवाली असन, तर कार्डावर चढते. लग्न झालेली असन तर नाही. मग फॉर्म ओढत त्यानं सहज विचारलं, "दामाद क्या करते हैं बाबूजी?"

मी बाबाकडे पाहिलं. इतकंच बोलाचं होतं की सोडून गेला, पुढचा रस्ता बाबूनं सांगतला असता. माझे कान त्याच्या तोंडाकडे लागले होते. आणि माझ्या बापानं खांदे मागे घेतले, गळा साफ केला आणि म्हटलं, "कुवैत में हैं. बड़ी कंपनी में."

बाबूले खरंच आनंद झाला. म्हणे, मग काय चिंता, तिकडची कंपनी फॅमिलीचं सगळं पाहते, बिटियाचं तिकडूनच करवून घ्या. आणि त्यानं आमच्या अर्जावर सुंदर अक्षरात लिहिलं: विवाहित, पति विदेश में कार्यरत. ठप्पा मारला. फोल्डर परत.

बाहेर कडुनिंबाखाली बाबा म्हणे, सवयीनं निघून गेलं तोंडातून. सवयीनं! जांभई आल्यासारखं सांगून राहिला होता. माझी साडी मागून रक्तानं ओली झाली होती, आणि हा माणूस मले सवय सांगत होता. मी जन्मात कधी त्याच्यापुढे वर तोंड करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"बाबा, मी मेली तर लोकाइले काय सांगान? कुवेतले गेली म्हणून?"

त्यानं फोल्डर डिक्कीत टाकला आणि स्कूटर काढली. दुसऱ्या दिवशी मी वकिलीणबाईकडे गेली, तर तो मागून आपला फोल्डर घेऊन आला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. साक्षीदार म्हणून जिथे जिथे सही मांगितली, तिथे तिथे सही केली. एवढं त्याचं कौतुक करते, जास्त नाही.

कोर्टाचं काम कोर्टाच्या चालीनं चालते. नोटीस पुण्याले गेली, परत आली. तिथे तो राहत नाही म्हणे. दुसरी गेली, तीही आली. मग वकिलीणबाई म्हणे, पत्ता सापडत नाही तर पेपरात छापावं लागते. माझं नाव, त्याचं नाव, बापाचं नाव, कॉलनीचं नाव, आणि इतक्या वर्षांपासून त्यागलेली आहे, सगळं. बाबा पांढराफटक पडला. अकरा वर्षं मुठीत झाकलं, ते आता न्हावी ज्यावर दाढीचा साबण पुसते त्या दोन रुपयांच्या पेपरावर येणार होतं.

ज्या दिवशी छापून आलं, त्या दिवशी बाबा पहाटेच उठला. चौकातल्या पेपरवाल्याकडचा सगळा गठ्ठा विकत घेतला. तेवढ्यानं भागलं नाही, तर आमच्या गल्लीतल्या दोन्ही बाजूच्या फाटकांमधून लोकाइचे पेपर ओढून आणले. माझा बाप, विहाराचा वक्ता, चोरीचे पेपर बनियानखाली दाबून घरात शिरला. आईनं ते दिवाणाखाली कोंबले, आणि पुढे महिनाभर तेच स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरले. हळदीचा डबा उचलला की खाली माझं नाव. कॉलनीत कोणी काही बोललं नाही. बाबा खूश. म्हणे, पाहा, कोणाले पत्ता नाही लागला.

या सगळ्यात चौदा महिने गेले. मले चार पिशव्या रक्त चढलं, लोहाची इंजेक्शनं घेऊन हात निळे झाले. रक्ताच्या बदल्यात रक्त द्यावं लागते, तर माझा भाऊ, जो घरात हिंदीशिवाय बोलत नाही, म्हणे, दीदी, मुझे सुई से डर लगता है. याच्या लग्नासाठी माझी मूठ झाकली होती. मी दुकानात भिंतीले टेकून उभी राहात होती आणि सेठची नजर चुकवत होती. डॉक्टरीणबाईनं मले रागवणं सोडून दिलं होतं, आणि त्याचीच मले जास्त भीती वाटे.

शेवटी निकाल हातात आला. पुन्हा तीच खिडकी, तोच चष्मेवाला बाबू. मागे पेन्शनवाल्याइची मोठी लाइन, सगळे बाबाच्या ओळखीचे. बाबूनं बाबाले ओळखलं. म्हणे, अरे, आप तो कुवैत वाले! बिटिया तो शादीशुदा है ना?

बाबा काचेच्या भोकाशी वाकला आणि काहीतरी बोलला.

"ज़ोर से बोलिए बाबूजी, सुनाई नहीं दिया."

बाबा पुन्हा बोलला. मी हातभर अंतरावर उभी होती, मलेही ऐकू आलं नाही. निकाल माझ्या हातात होता. खिडकीतून आत सरकवला असता तर झालं असतं. मी नाही सरकवला. म्हटलं, बोल. दर वर्षी बोलते ना, आज इथे बोल. चपलांपर्यंत आवाज जाणारा माणूस काचेले नाक लावून उभा होता, ओठ हलत होते, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मले त्याची दयाही आली नाही, हे खरं सांगते.

तेव्हा लाइनीतून आवाज आला. बाबासोबत वर्कशॉपात तीस वर्षं काम केलेला, आमच्या मागच्या गल्लीत राहणारा म्हातारा. ह्याच माणसाले बाबा दर उन्हाळ्यात सांगाचा की आमचे दामादजी म्हणतात, कुवेतमध्ये रायपूरपेक्षा जास्त तापते. तो आपली औषधाची चिठ्ठी डोळ्याजवळ धरून वाचत होता, वरही पाहिलं नाही.

"तलाक लिखो भैया. बारा साल से तो यहीं है बेचारी, पंडरी में साड़ी बेचती है."

कोणी वळून पाहिलं नाही. मागच्या बाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, बस. बाबूनं लिहिलं. मी निकालाचा कागद आत सरकवला. बाबा हळूहळू मागे वळला आणि त्या म्हाताऱ्याले विचारलं, त्याले माहीत होतं का.

"हव," म्हातारा म्हणे. "सबको मालूम था. आप बता के खुश होते थे, तो हम सुन लेते थे."

ऑपरेशन पुढच्याच मंगळवारी झालं, मोफत, आणि चांगलं झालं. त्या वर्षी महिला दिनाले बाबा बोलाले उभा राहिला नाही, घसा बसला म्हणे. मी मात्र टाक्यांवर हात ठेवून सतरंजीवर बसली होती, आणि एकच हिशेब डोक्यात फिरत होता. काकूनं कुवेत मानलं नव्हतं, म्हाताऱ्यानं मानलं नव्हतं, ज्याइच्यासाठी बाबानं माझी बारा वर्षं मुठीत धरली त्याइच्यातल्या एकानंही मानलं नव्हतं. ते खरं मानलं होतं फक्त खिडकीतल्या त्या एका बाबूनं, ज्याच्या हातात माझं कार्ड होतं.