उत्तरार्धातल्या सहा चुका

ऑर्लीन कॉडिलनं त्या पोराचं वाटोळं केलं, असं आमच्या तालुक्यात हल्ली सरसकट बोललं जातं. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांना तिनंच लहानपणी बसमधून शाळेत नेऊन सोडलंय, नाकं पुसून दिलीत. असो. मी इथल्या शाळेतली जुनी मास्तरीण, चाळीस वर्षं तिच्या शेजारी राहते, आणि ज्या दुपारी हे घडलं त्या दुपारी तिच्याच स्वयंपाकघरात बीन्सच्या शेंगा मोडत बसले होते. त्यामुळे मीच सांगते. तिची बाजू घेणार नाही. चूक तिचीच होती. पण लोक सांगतात ती नव्हे.

ऑर्लीन एकाहत्तर वर्षांची. जन्म खाणीच्या वसाहतीतला, नवरा हॉबर्ट, तोही खाणीतला. हॉबर्टची फुप्फुसं कोळशाच्या धुळीनं गेली, तेव्हा ही पस्तीसची होती. रडून झालं आणि पंधरा दिवसांत तिनं शाळेच्या बसचं लायसन काढलं. नऊ नंबरची बस. स्टिलहाऊस घळीतला रस्ता जेमतेम एका गाडीचा. एकीकडे ओढा, दुसरीकडे कडा, आणि समोरून कोळशाचे ट्रक. एकदा असाच एक ट्रक आडवा आला आणि मागे हटेना. बावीस पोरांसकट तिनं बस पाऊण मैल उलटी खाली आणली. पोरं घाबरू नयेत म्हणून मोठ्यानं गात आणली. आवाज भयंकर आहे तिचा. एकतीस वर्षांत बसला ओरखडा नाही.

आणि बास्केटबॉल. आमच्या भागात चर्च चुकलं तर पाद्री माफ करतो. मॅच चुकली तर तोच विचारतो, तब्येत बरी आहे ना. ऑर्लीन टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओवरचं वर्णन लावते आणि मांडीवर वही घेऊन बसते. कुणी बॉल घालवला, कुठून घालवला, कितव्या मिनिटाला, सगळं त्या वहीत. मॅच संपली की रेडिओवर रस्टी नावाच्या माणसाचा कार्यक्रम लागतो, राज्यभरातून लोक फोन करून मतं ठोकतात. ऑर्लीनचा फोन ठरलेला. पार पश्चिमेच्या टोकापर्यंत लोक तिला 'घळीतली ऑर्लीन' म्हणून ओळखतात. घळीबाहेर तिला जे काही नाव होतं ते एवढंच, आणि तिला ते फार प्रिय होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता कोल्बी फ्यूगेट. आमच्या वरच्या बाजूला दुसरं घर, चढाच्या रस्त्यानं अर्धा मैल. आई-बाप नसल्यासारखेच, आजीनं वाढवलेला. आजीला इकडे मॅमॉ म्हणतात, वांडा त्याची मॅमॉ. अंगानं किरकोळ, पण बॉल हातात आला की बाकीचे नऊ जण कुठे आहेत हे त्याला न बघता कळायचं. पॉइंट गार्डला तेच लागतं. बॉल पुढे आणायचा आणि कुणी कुठं पळायचं ते ठरवायचं. चाळीस वर्षांत आमच्या तालुक्यातून विद्यापीठाच्या संघात गेलेला हा पहिला. त्याच्या चेहऱ्याचे केक निघाले. ऑगस्टमध्ये ज्या खुर्चीत त्याचे केस कापले ती न्हावी कुणाला बसायला देईना.

कोल्बीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. चार वर्षांचा असताना ताप डोक्यात चढला त्यात गेलं. हे माहीत असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हायस्कूलचा म्हातारा कोच जाणून होता, तो बोटांच्या खुणा करायचा, तो वारला. ऑर्लीनला कुणी सांगितलं नव्हतं. हा पोरगा रोज तिच्या पाठीमागच्या सीटवर, खिडकीशीच का बसतो, सगळी बस आपल्या उजवीकडे का ठेवतो, हे तिनं आरशातून बघून ओळखलं. इकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे पोराचा डावा कान खिडकीकडे. तो आठ वर्षांचा होता. तिनं विचारल्यावर तो म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही, मिस ऑर्लीन." ती म्हणाली, "नाही सांगणार." दहा वर्षं तिनं माझ्याजवळही तोंड उघडलं नव्हतं.

नोव्हेंबरातला शनिवार, दुपारी एकची मॅच, हंगामातली पहिली. समोर एक कुठलंसं बारकं कॉलेज, तीस गुणांनी चिरडायचं असं गृहीतच. वरच्या वर्षाच्या गार्डचा घोटा दुखावलेला, म्हणून पहिल्या वर्षाच्या कोल्बीला सुरुवातीपासून उतरवलं. पूर्वार्धात त्यानं जे पास दिले ते बघून ऑर्लीन तीनदा खुर्चीवरून उठली आणि एकदा माझ्या शेंगांचं पातेलं सांडलं. उत्तरार्धात मात्र पोराला काय झालं कळेना. कोच एक डाव सांगतोय, हा दुसराच मांडतोय. सहा वेळा बॉल घालवला. शेवटच्या आठ सेकंदांत कोच अक्षरशः उड्या मारत टाइमआउट घे, खेळ थांबव म्हणून ओरडत होता, आणि कोल्बी बॉल आपटत शांत उभा. दोन गुणांनी हरलो.

मग रस्टीचा कार्यक्रम.

"पोरगं गोड आहे, मान्य," पहिला म्हणाला. "पण हे कॉलेज आहे रस्टी, जत्रा नव्हे. अर्धी मॅच झाली की त्याचे पाय संपतात."

"पाय नाही हो, डोकं," दुसरी बाई. "कोच घसा फोडून ओरडतोय आणि हा ढिम्म!"

"अठरा वर्षांचा आहे तो, बाई," रस्टी म्हणाला.

"माझी भाची अठराची आहे. ट्रॅक्टर चालवते. थांब म्हटलं की थांबवते."

तिसरा जरा मजेत होता. "डोंगरातलं पोर आहे रे. तिकडे एवढी माणसं एका जागी फक्त मयताला जमतात. गर्दी बघितली आणि याला वाटलं, कोण गेलं?"

रस्टी हसला. तीन आठवड्यांपूर्वी हीच माणसं याच रेडिओवर या पोराला देवानं धाडलाय म्हणत होती.

"हसला!" ऑर्लीन म्हणाली. "रस्टी हसला, ऐकलंस?" तिनं वही ओढली, चष्मा लावला, आणि एकेक ओळ बोटानं मोजली. मग म्हणाली, "मास्तरणी, इकडे बघ. पूर्वार्धात चुका किती? एकही नाही. उत्तरार्धात सहा. आता सांग, उत्तरार्धात आपल्या कोचचा बाक त्याच्या कुठल्या बाजूला होता?"

"मला काय ठाऊक? बाक आपल्या जागी असतो."

"बाक जागीच असतो गं, खेळणारा फिरतो! पूर्वार्धात याचं तोंड इकडे, कोच उजवीकडे. उत्तरार्धात बास्केट बदललं, कोच गेला डावीकडे. डावीकडे! त्याला ऐकूच आलं नाही!"

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की कोल्बीचा एक कान गेलेला आहे. आणि तिचा चेहरा वर्गात पहिल्या आलेल्या मुलीसारखा फुलला होता.

"ऑर्लीन, आधी वांडाला विचार," मी म्हणाले.

"वांडाला काय विचारायचं? खरं आहे ते." तोवर नंबर फिरवून झाला होता.

बावीस मिनिटं ती फोन कानाला लावून थांबली. बावीस मिनिटांत मला तिच्या हातातून फोन काढून घेता आला असता. मी शेंगा मोडत बसले. हेही लिहून ठेवते.

"बोला, मिस ऑर्लीन!"

"रस्टी, तो मघाचा मयताचे विनोद करणारा अजून ऐकत असेल तर त्याला सांग, पोरगा भित्रा नाही. तो डाव्या कानानं बहिरा आहे. लहानपणापासून. सहाच्या सहा चुका कोच डावीकडे असताना झाल्यात, माझ्याकडे मिनिटासकट लिहिलेलं आहे." आणि तिनं ती मिनिटं वाचून दाखवली. सगळी.

मग रस्टी हळूच म्हणाला, "हे... हे कोचला माहीत आहे?"

ऑर्लीननं वही मिटली. तिनं फोन ठेवला. कुठलाही पक्का चाहता सापडलेलं उत्तर पोटात ठेवू शकत नाही. वैर नव्हतं, आगाऊपणाही नव्हता. उत्तर बरोबर होतं, एवढंच झालं.

कोचला माहीत नव्हतं. संघात घेताना भरलेल्या कागदावर 'ऐकण्याचा काही त्रास?' या प्रश्नापुढे कोल्बीनं 'नाही' लिहिलं होतं. त्याला बोलावून घेतलं. कान गेला त्याचं काही नाही, खोटं का लिहिलंस, असं कोच म्हणाला म्हणे. पुढची मॅच पोरगा साध्या कपड्यांत बाकावर बसून होता.

आणि लोक! रविवारी दुपारपर्यंत सगळ्यांना गहिवर आला. ट्रॅक्टरवाल्या भाचीची मावशी रेडिओवर रडली. शाळेतल्या पोरांनी कानांची चित्रं रंगवून पाठवली. केक परत निघाले, आता त्यावर 'आमचा शूर कोल्बी'. तिसरी मॅच परगावी होती. तिथली कॉलेजची पोरं, हजारोंनी, डाव्या कानावर हात ठेवून 'काय म्हणालास?' ओरडत उभी. समोरचे गार्ड बरोबर डावीकडून, मागून यायचे. पाच मिनिटांत तीनदा बॉल हिसकावला. कोचनं त्याला बाहेर बोलावलं, तेही माणूस पाठवून, हातवारे करून, आणि ते टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं.

त्या मॅचनंतर रेडिओवर एकही शिवी पडली नाही. "बिचारा." "कौतुक करावं तेवढं थोडं." ऑर्लीन ऐकत होती. तिनं फोनला हात लावला नाही.

वांडा तिला चर्चच्या बाहेर भेटली. "तुझ्या वहीत हेही लिही," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. पंचवीस वर्षं एका बाकावर बसायच्या दोघी.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला कोल्बी दोन दिवस घरी आला. ऑर्लीननं सुक्या सफरचंदांचा सात थरांचा केक केला आणि मला म्हणाली, "तू चल बरोबर. मला एकटीला दारातून हाकललं तर बरं दिसणार नाही." दोघींना हाकललं तर कसं दिसेल याचा तिनं विचार केला नव्हता.

वांडानं केक घेतला नाही. पण कोल्बी बाहेर ओसरीवर आला.

"बाळा, मला माफ कर," ऑर्लीन म्हणाली.

"तुम्ही खोटं बोललात का, मिस ऑर्लीन?"

"नाही."

"मग?" तो कठड्याला टेकला. आवाज चढला नव्हता. "लोक माझ्याबद्दल बोलत होते ते मी ऐकलं त्या दिवशी. संघाच्या बसमध्ये रेडिओ चालूच होता. पाय नाहीत, डोकं नाही. ऐकून घेतलं. म्हटलं, पुढच्या मॅचला दाखवतो. उत्तरार्धात कोचकडे बघत राहायचं, एवढंच तर करायचं होतं. मला समजलं होतं ते, तुमच्या फोनच्या आधीच."

ऑर्लीननं केकचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

"मला शिव्या चालत होत्या. शिव्या खेळणाऱ्याला देतात. आता मी वाईट खेळलो तर बिचारा, चांगला खेळलो तर बिचारा असूनसुद्धा. आता मी कसाही खेळलो तरी कोणी बघतच नाहीये."

"मी काय करू सांग."

"तुम्ही खूप केलंत," तो म्हणाला आणि आत गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

परत येताना केक माझ्या मांडीवर. ऑर्लीन गाडी इतकी हळू चालवत होती की मागच्यानं हॉर्न दिला. एकतीस वर्षांत तिला कुणी हॉर्न दिला नसेल.

पुढच्या शनिवारी घरची मॅच. कोल्बीला बारा मिनिटं मिळाली. एक बास्केट केलं, तीन वेळा बॉल घालवला. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण बरा खेळला नाही हे मलाही दिसलं. जिंकलो तरी. रेडिओवर नेहमीचंच सुरू झालं: डोळ्यांत पाणी आलं, काय जिद्द, देव त्याचं भलं करो. ऑर्लीननं वही उघडली, नंबर फिरवला. या वेळी मी म्हणाले, "ठेव तो फोन." ती म्हणाली, "शेंगा मोड."

"मिस ऑर्लीन," रस्टी जपून म्हणाला. "बरेच दिवसांनी."

"कोल्बी फ्यूगेट आज वाईट खेळला," ऑर्लीन म्हणाली. "तीन बॉल घालवले. तिन्ही पूर्वार्धात. कोच उजवीकडे होता, तेव्हा कानाचं नाव कुणी काढू नका. दुसरा पास तर शुद्ध आळस. बाहेरच्या बाजूला द्यायचा तो त्यानं मधून दिला, कारण मधून दिला की लोक टाळ्या वाजवतात. हायस्कूलपासूनची खोड आहे. कोचनं त्याला बसवलं ते बरोबर केलं. झालं माझं."

ती फोन ठेवेपर्यंत पुढचा माणूस सुटला होता. "त्या म्हातारीला काळीज आहे का, रस्टी? त्या लेकराचं गुपित फोडलं आणि आता वर लाथा? हिला रेडिओवर घेतोसच कशाला?" असं बरंच. गावात अजून हेच चाललंय: आधी पोराला उघडं पाडलं, मग तुडवलं. वांडाच्या खिडकीचे पडदे त्या दिवसापासून आमच्या बाजूनं बंद आहेत.

पण तो माणूस ओरडून ओरडून दमला, आणि मग म्हणाला, "आणि तो दुसरा पास... आता पास वाईट होता, ते मी नाही म्हणत नाही. पण मधून द्यायचा नाही तर कुठून देणार? बाहेरचा पोरगा झोपला होता!"

"झोपला नव्हता," रस्टी म्हणाला. "हात वर केला होता त्यानं."

"मग कोल्बीनं बघायला नको?"

"बघायला हवं होतं!" लगेच पुढची बाई, ट्रॅक्टरवाल्या भाचीची मावशीच ती. "तेच तर म्हणतेय मी पहिल्यापासून. घाई फार करतो तो!"

ऑर्लीन फोन मांडीवर ठेवून ऐकत होती. पाऊण तास ते त्याला सोलत होते, आणि 'बिचारा' एकदाही कुणी म्हणालं नाही. तिनं एक अक्षर लिहिलं नाही. कोल्बीनं ते ऐकलं का, मला माहीत नाही. अजून तरी त्याचा काही निरोप आलेला नाही.