क्लोनडॉकिनच्या मेथीतला भागधारक

माझ्या रूममेटइतका सरळ माणूस अख्ख्या आयर्लंडात नसेल, आणि त्याच्याइतकं डोकं खाणाराही. क्लोनडॉकिनला भाड्याच्या घरात तो, मी आणि एक नागपूरकर असे तिघे राहायचो. सोमवारचा उपास कधी न चुकवणारा हा पुणेकर ऑफिसात इस्लामी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. तिथे व्याज नसतं. भागधारकांचे आणि ठेवीदारांचे पैसे एकत्र करून धंद्यात घालतात, नफा आधी ठरलेल्या हिश्शाने वाटतात आणि तोटा झाला तर ज्याचे पैसे त्याने सोसायचा. लोक ऑफिसचं काम ऑफिसात ठेवून येतात. याने ते स्वयंपाकघरात आणलं. पिझ्झा मागवण्याआधी वाटणी ठरायची, आणि एकदा पिझ्झा करपून आला तेव्हा करपलेला भागही त्याने हिश्शाप्रमाणेच वाटला. शेजारच्या आयरिश आजींनी कौतुकाने रूबार्बच्या आंबट दांड्या आणून दिल्या, तर याने दारातच विचारलं, "ही भेट की भागीदारी?" आजी म्हणाल्या, "ग्रँड, लव्ह." तिथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'बरं', पण त्याने तो होकार धरला आणि तेव्हापासून आमच्या मेथीच्या पराठ्यांत आजींचा हिस्सा सुरू झाला. "युअर मॅन बरा आहे ना?" असं त्या त्याच्याबद्दल मला अधूनमधून काळजीने विचारायच्या.

मेथी हा त्याचा खरा कारभार. मागच्या अंगणात लाकडी खोकी आणि माती त्याची, म्हणून तो भागधारक. बी माझं आणि नागपूरकराचं, म्हणून आम्ही ठेवीदार. माझं बी आईने नाशिकहून पाठवलेलं, ते वेगळ्या खोक्यात पेर, असं मी म्हणालो तर तो दुखावला. "अरे यार, एकदा पातेल्यात पडलं की कुणाचं कुठलं ते विचारायचं नाही. आणि आधीच सांगतो, मुद्दलाची हमी नाही." मग त्याने खरोखरच पातेलं आणून सगळं बी कालवलं.

पुढच्या वर्षी नागपूरकर लग्न करून शॅननला गेला. मला कॉर्क शहरातल्या नोकरीसाठी फोन येत होते. मी काही बोललो नव्हतो, पण त्या घराच्या भिंती पातळ होत्या. त्या उन्हाळ्यात ऊन फिरकलंच नाही आणि मेथी निम्मीसुद्धा आली नाही. तरी माझ्या ताटात भाजी नेहमीएवढीच. त्याच्या ताटात उकडलेला कोबी.

"हिशेबाने मला कमी यायला हवी," मी म्हणालो.

"वाईट वर्षी भागधारक आपला वाटा सोडतात. बँकेतसुद्धा. नाहीतर ठेवीदार उठून दुसरीकडे जातात."

"आणि तरी गेला तर?"

"मग गेला," तो म्हणाला आणि त्याने मीठ मागितलं.

मी गेलोच. निघताना त्याने बियांची एक बरणी माझ्या हातात ठेवली. "तुझं मुद्दल."

"हमी नव्हती ना?"

"हमी नसते. उरलं तर परत द्यायचं असतं."

त्या बियांत माझ्या किती होत्या आणि त्याच्या किती, हे मी विचारलं नाही. कॉर्कच्या माझ्या खिडकीत आता मेथी छान येते. त्याची फार आठवण येते, जेवायला बसलं की जास्तच. भाजी मूठभरच होते, पण सगळीच्या सगळी माझ्या एकट्याच्या वाट्याला येते.