चिठ्ठीतलं मागणं

माझी कादंबरी तीनशे दहा पानांची झाली, तेव्हा पुण्याचे एक प्रकाशक फोनवर म्हणाले, हस्तलिखित राहू द्या, आधी ती एका वाक्यात लिहून पाठवा. मुदत सोमवारची. वाक्य आवडलं तरच ते पुढचं वाचणार होते. रोज शाळा सुटल्यावर सहा वर्षं बसून खरडलं ते काय एका वाक्यासाठी, असं मनात आलं, पण तोंडाने मी "हो सर" म्हणाले. पहिलंच पुस्तक आणि दुसरं कोणी विचारतही नव्हतं.

तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत मी मराठी शिकवते. उताऱ्याचा सारांश लांबला की मुलांचे मार्क कापते, आणि आता तेच माझ्यावर आलं होतं. शिरूरला घरी परतताना वडापच्या जीपमध्ये तिघींच्या मध्ये चेपून बसून मी मोबाइलवर वाक्यं लिहायची आणि गाव यायच्या आत पुसून टाकायची. एक तर इतकं लांबलं की त्यात नायिकेची आत्यासुद्धा आली. शेवटी शनिवारी एक जमलं: 'नर्स व्हायला निघालेल्या हुशार मुलीचं शिक्षण तिचा नवरा बंद पाडतो आणि तिचा जन्म चूल-मुलांत जातो.' बरं होतं, पण मिळमिळीत वाटत होतं.

ही मुलगी म्हणजे माझी आई, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच. तिचं माहेर दौंड तालुक्यातलं राहू. तिथून ती मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेली, वर्षाच्या आत लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. का सुटलं म्हणून विचारलं की ती म्हणायची, सासरी नको होतं. वडील समोर असले तर ते पेपरात डोकं घालायचे. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला संताप यायचा. ते जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तो उतरला नव्हता. कादंबरीत मी त्यांना तिचा पांढरा युनिफॉर्म चुलीत घालायला लावलं होतं, आणि ते पान मला फार आवडायचं.

रविवारी उपासनेआधी आई चर्चच्या मागच्या बाकावर बसून प्रार्थनेच्या विनंत्या लिहिते. ज्यांना लिहिता येत नाही त्या बाया तिच्याकडे येतात, आणि मग पाळक त्या चिठ्ठ्या वाचून प्रार्थना करतात. चिठ्ठी चार बोटांची, म्हणून एकच ओळ. त्या रविवारी एक मावशी पंधरा मिनिटं बोलल्या. सुनेचं झालं, गुडघ्याचं झालं, विहिरीवरच्या मोटारीचं झालं, मध्येच पुण्याला गेलेल्या मुलाचं झालं. आईने लिहिलं, 'मुलाने घरी फोन करावा.' मावशींनी ते तिच्याकडून वाचून घेतलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, एवढंच. मला आईचा चक्क हेवा वाटला.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, की बाकीचं सगळं ती गाळते कशी.

"काय झालं ते देवाला ठावं असतंय. चिठ्ठीत मागणं लिव्हायचं."

मग मी तिला माझं वाक्य वाचून दाखवलं. कुठल्यातरी बाईची गोष्ट आहे, असं म्हणाले. ती मेथी निवडत होती. ऐकून तिने विचारलं, "हिचं मागणं काय हाय?" मी म्हटलं, तिला नर्स व्हायचं होतं. आईचे हात थांबले.

"न्हाई. मी भ्याले हुते. दवाखान्यात एक आजारी लेकरू माझ्या हातावर गेलं. दुसऱ्या दिवशी पेटी उचलली आन् राहूला आले. लाज वाटली म्हणून माहेरी सांगितलं, सासरी नको म्हणत्यात. तुझे वडील दोनदा न्यायला आले. दवाखान्यात परत चल, मी पोचवतो म्हणले. मीच गेले न्हाई."

"आणि ते कधी काही बोलले नाहीत?"

"चारचौघांत त्यांनी मला कधी खोटं पाडलं न्हाई."

मला आधी तिचा राग आला, मग माझी लाज वाटली. मेलेल्या माणसाला दोषी ठरवण्यात मी सहा वर्षं आणि तीनशे दहा पानं खर्च केली होती. मी विचारलं, मग आता त्या बाईचं मागणं काय?

ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

"त्यांची चूक नव्हती, एवढं कुणीतरी लिव्हावं."

सोमवारी मी पाठवलं: 'भिऊन शिक्षण सोडलेली बाई दोष नवऱ्यावर ढकलते, तो जन्मभर गुपचूप सोसतो, आणि तो गेल्यावर तिला खरं सांगायचं आहे.' दोन दिवसांनी प्रकाशकांचा फोन आला, वाक्य आवडलं, हस्तलिखित पाठवा. मी सांगितलं, वाक्य तयार आहे, कादंबरी लिहायची आहे. ते एक वर्ष देतो म्हणाले.

चुलीचं पान मी सगळ्यात आधी काढलं. त्या जागी काय घालावं ते सुचेना, म्हणून आईलाच विचारलं, की युनिफॉर्मचं खरं काय झालं होतं.

"तुझी झबली शिवली," ती म्हणाली. "मऊ कापड हुतं. तुझे वडीलच म्हणले, फेकू नको."