भरीत पार्टीतली बढती

"बाई, सिनेमातल्या पोरीला निदान साहेबाचं घर तरी मिळालं. तुम्हाला कोण साहेब घरात घेणार?"

जळगावजवळच्या मळ्यात, ऑफिसच्या भरीत पार्टीत, हेडक्लार्क हे बोलले. सगळे खो खो हसले. बायकासुद्धा. मी जाळापाशी होते, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आत सारत. वांगी भाजायचं काम माझं. भाजलेली सोलून लाकडी बडगीत ठेचायचं काम बाकीच्या बायकांचं. तुम्ही बौद्धवाड्यातल्या, भरिताला हात लावू नका, असं तोंडावर कुणी कधी म्हणालं नाही. बडगी फक्त दर हिवाळ्यात माझ्यासमोरून पुढे सरकायची. मीही कधी विचारलं नाही. नोकरी टिकवायची होती.

त्या दुपारीच साहेबांनी सगळ्या स्टाफला सिनेमा दाखवला होता. विनोदी, प्रेमाचा. एक पोरगी ऑफिसात लागते आणि मॅनेजरची खुर्ची मागते. मध्यंतरापर्यंत मी नुसती हरखून गेले. काय भांडते बया! शेजारच्या टायपिस्टला म्हटलं, "ही होणार बघ मॅनेजर." माझंही तेच चाललं होतं ना. हेडक्लार्क रिटायर होणार होते आणि सीनिऑरिटीने ती जागा माझी होती.

मध्यंतरानंतर सगळं मातीत गेलं. ती मॅनेजरच्याच प्रेमात पडते, राजीनामा देते आणि शेवटी त्याचा डबा भरते. पब्लिकने टाळ्या पिटल्या. मला उठवेना. इतकी भांडली ती एका डब्यासाठी? फार वाईट वाटलं. फसवल्यासारखं वाटलं.

आणि आता मळ्यात हे. हसणं ओसरल्यावर साहेब म्हणाले, अगदी मायेने म्हणाले, "सोमवारी दोन ओळी लिहून द्या. बढती नको म्हणून. आपल्याकडे बायका देतातच."

खरं होतं. माझ्या आधीच्या बायकांनी दिलं होतं लिहून. घरच्यांनी सांगितलं, साहेबांनी सांगितलं, दिलं.

धूर डोळ्यात गेला होता. लोकांना वाटलं, रडतेय. कशाची रडते! डोकं फिरलं होतं माझं. उठले.

"नाही देणार."

"काय?"

"लिहून नाही देणार, साहेब. जागा माझी आहे."

आता कुणी हसलं नाही. मी न जेवताच रस्त्याला लागले.

घरी आईला सांगितलं. जन्मभर धरणगावकडे लोकांचा कापूस वेचलेली बाई. तिने एवढंच विचारलं, "बठ्ठा हासनात, तवय तू काय करं?"

"नाही म्हटलं."

"मंग आते मांगे फिरू नको."

जागा माझ्या मागून लागलेल्या माणसाला दिली. मी वर अर्ज केला. मला धुळ्याला फेकलं. इथूनही अर्ज करते. तो हशा मात्र पाठ सोडत नाही. भर दुपारी, टेबलावर मान खाली घालून बसलेली असताना कानात येतो. त्यात बायकांचं हसणं वेगळं ऐकू येतं. आता तो जाईल असं वाटत नाही.

परवा इथल्या साहेबांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना तेच सांगितलं. दोन ओळी द्या. त्या बिचाऱ्या लिहायला बसल्या. मी उठून त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. साहेब बघत होते. बघू देत. माझी बदली करा, मला घरी बसवा. मी या ऑफिसात आहे तोवर एकाही बाईकडून हे लिहून घेऊ देणार नाही.